'पुट ऑफ' म्हणजे बंद नव्हे! इंग्रजीतल्या जोडक्रियापदांविषयी थोडेसे

गेल्या वर्षी आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीला नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आले. बी.कॉम. झालेली, टॅली येणारी, घरातली पहिली पदवीधर. मुलाखत गुरुवारी होती. बुधवारी संध्याकाळी त्याच कार्यालयाचा दुसरा ई-मेल आला. त्यात एकच वाक्य होते : 'द इंटरव्ह्यू हॅज बीन पुट ऑफ टिल मंडे.' तिने ते दोनदा वाचले. 'पुट' म्हणजे ठेवणे आणि 'ऑफ' म्हणजे बंद, हे तिला पक्के ठाऊक होते. लाईट ऑफ, मोबाइल स्विच ऑफ, रविवारी ऑफ. म्हणजे मुलाखतीचे काम सोमवारपर्यंत बंद ठेवले आहे, पुढचे काय ते नंतर कळवतील, असा अर्थ तिने लावला आणि ती वाट पाहत राहिली. सोमवारी बाकीचे उमेदवार जाऊन मुलाखत देऊन आले.

मंगळवारी तिने तो ई-मेल आम्हाला दाखवला. 'मुलाखत सोमवारवर ढकलली आहे' एवढाच त्याचा अर्थ होता.

या मुलीचे इंग्रजी वाईट नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. त्या ई-मेलमध्ये 'पोस्टपोन' हा शब्द असता तर तिला तो लगेच कळला असता. म्हणजे अवघड शब्द येत होता आणि सोपा येत नव्हता. आपल्याकडे मराठी माध्यमातून शिकलेल्या पुष्कळ मुला-मुलींची हीच गत आहे. त्यांना 'इन्व्हेस्टिगेट' कळतो, पण 'लुक इंटू' कळत नाही. 'टॉलरेट' पाठ असतो, पण समोरच्याने 'पुट अप विथ' म्हटले की चेहरा कोरा होतो. मग आपल्याला इंग्रजीच येत नाही, असे त्यांना वाटू लागते. आमचे म्हणणे असे की इंग्रजी येत नाही असे नाही, इंग्रजीची एक अख्खी बाजू त्यांना कोणी दाखवलेलीच नाही.

या बाजूला इंग्रजीत 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. आपण सोयीसाठी जोडक्रियापद म्हणू. एक साधे क्रियापद घ्यायचे, जसे गो, गेट, पुट, टेक, लुक, टर्न, ब्रेक. त्याच्या मागे अप, डाउन, इन, आउट, ऑन, ऑफ, ओव्हर, बॅक असा एखादा छोटा शब्द लावायचा. दोन्ही मिळून तिसराच अर्थ तयार होतो. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'अप' म्हणजे वर, पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, हार मानणे. सुटे सुटे शब्द डिक्शनरीत बघून हा अर्थ हाती लागत नाही.

आपणही रोज हेच करतो

'हाती लागत नाही' असे आम्ही आत्ताच लिहिले. एखादा परदेशी माणूस मराठी शिकायला बसला आहे असे समजा. त्याला 'लागणे' शिकवायचे आहे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते. वेळ लागतो. नोकरी लागते. पोरगा वाईट नादाला लागतो, मग आई त्याच्या मागे लागते, तेव्हा कुठे तो कामाला लागतो आणि सगळे मार्गी लागते. तो बिचारा 'लागणे म्हणजे स्पर्श होणे' एवढेच पाठ करून आला असेल तर पहिल्याच दिवशी पळून जाईल. आपण मात्र यातले काहीही पाठ केलेले नाही. घरात, गल्लीत ऐकत ऐकत ते आपल्या अंगवळणी पडले.

याहून जवळचे उदाहरण म्हणजे करून टाक, करून बघ, करून ठेव, करून घे, करून दे. काम एकच, करणे. मागचा शब्द बदलला की रंग बदलतो. 'अर्ज भरून टाक' म्हणजे एकदाची कटकट संपव. 'अर्ज भरून ठेव' म्हणजे पुढे उपयोगी पडेल. 'अर्ज भरून दे' म्हणजे दुसऱ्या कोणासाठी तरी भर. इथे 'टाक' म्हणजे फेकणे नव्हे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजीत हेच काम मागून येणारे छोटे शब्द करतात. 'ईट' म्हणजे खा, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, ताटात ठेवू नकोस. 'यूज' म्हणजे वापर, 'यूज अप' म्हणजे वापरून संपव. तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही. परकी आहे ती फक्त इंग्रजांची निवड.

ती निवड अशी का झाली, याला थोडा इतिहास आहे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. पुढची सुमारे तीनशे वर्षे तिथल्या दरबारात आणि न्यायालयात फ्रेंचचा पगडा राहिला, चर्चमध्ये आणि विद्येच्या व्यवहारात लॅटिन चालत होती. शेतकरी, कारागीर, नोकरचाकर आपल्या जुन्या इंग्रजीतच बोलत राहिले. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन दोन शब्द साचले. वरच्या वर्गाकडून आलेला लांब शब्द कागदावर आणि लोकांचा आखूड शब्द तोंडात. अप, आउट, ऑफ हे त्या जुन्या लोकभाषेतले शब्द आहेत. म्हणून आजही इंग्रज माणूस अर्जात 'कन्टिन्यू' लिहितो आणि बोलताना 'कॅरी ऑन' म्हणतो, कागदावर 'एस्टॅब्लिश' लिहितो आणि बोलताना 'सेट अप', कागदावर 'रिजेक्ट' आणि बोलताना 'टर्न डाउन'.

मराठीतही हा भेद आहेच. शासनाच्या परिपत्रकात 'बैठक स्थगित करण्यात येत आहे' असे येते, पण आपण फोनवर मित्राला 'अरे, मीटिंग पुढे ढकलली' असे सांगतो. आता कोणी फक्त परिपत्रके वाचून मराठी शिकला तर त्याला चहाच्या टपरीवरचे बोलणे कळेल का? आपल्या पाठ्यपुस्तकांनी आपल्याला अशी परिपत्रकी इंग्रजी शिकवली. चळवळीत आल्यावर आपण संविधान वाचतो, निकालपत्रे वाचतो, बाबासाहेबांचे इंग्रजी ग्रंथ वाचतो. ते वाचलेच पाहिजे. पण तीही ग्रंथांची, कायद्याची भाषा आहे. तिच्यावर पोसलेला कार्यकर्ता परिषदेत निबंध उत्तम वाचतो आणि जेवणाच्या सुट्टीत परदेशी पाहुण्याशी बोलताना अडखळतो, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि ही अडचण फक्त आपलीच आहे असेही नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला. परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जास्त त्रास या जोड्यांचाच होतो, हे त्यांनी त्या कोशाच्या प्रस्तावनेतच मान्य केले होते. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव तर त्यानंतर खूप उशिरा, १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकातून रूढ झाले. म्हणजे खुद्द इंग्रजांनाही या प्रकाराला नाव द्यायला वेळ लागला!

छोट्या शब्दाकडे बघा

आपली सवय अशी की क्रियापदाकडे बघायचे आणि मागच्या छोट्या शब्दाकडे दुर्लक्ष करायचे. खरे तर उलटे करायला हवे. पुष्कळ वेळा अर्थाची दिशा तो छोटा शब्दच दाखवतो.

'ऑफ' पासून सुरुवात करू, कारण त्यानेच आमच्या मुलीला फसवले. 'ऑफ' चा मूळ अर्थ बंद असा नाही. मूळ अर्थ आहे सुटणे, अलग होणे, चिकटलेल्या जागेवरून दूर जाणे. विजेचा प्रवाह तुटतो म्हणून लाईट 'ऑफ' होतो. हे लक्षात घेतले की बाकीचे उलगडत जाते. 'टेक ऑफ युवर शूज' म्हणजे चपला-बूट काढा, पायापासून अलग करा. विमान 'टेक ऑफ' करते म्हणजे जमिनीपासून सुटते. 'सेट ऑफ' म्हणजे घरून निघणे. 'पे ऑफ' म्हणजे कर्ज फेडून त्यातून सुटणे. कंपनी कामगारांना 'ले ऑफ' करते म्हणजे कामावरून कमी करते. आणि 'पुट ऑफ' म्हणजे ठरलेल्या दिवसापासून काढून पलीकडे ठेवणे. गंमत बघा, आपण मराठीत मीटिंग 'पुढे' ढकलतो आणि इंग्रज ती 'दूर' ठेवतो.

याच शब्दाचा एक चकवा सांगून ठेवतो. 'द अलार्म वेन्ट ऑफ' म्हणजे गजर बंद पडला नव्हे, गजर वाजला. बॉम्ब 'गोज ऑफ' म्हणजे फुटतो. इंग्लंडमध्ये दूध 'गोज ऑफ' म्हणजे नासते. आणि 'द लाईट्स वेन्ट ऑफ' म्हणजे मात्र दिवे खरोखरच गेले. एकच जोडी आणि चार अर्थ. इथे वाक्यात कोणाबद्दल बोलणे चालले आहे हे बघण्यावाचून इलाज नाही.

'पुट ऑफ' चा चुलतभाऊ म्हणजे 'कॉल ऑफ'. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्दच करणे. संप मागे घेतला, तरी 'कॉल्ड ऑफ'. या दोहोंतला फरक दाखवणारी एक गोष्ट आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनासाठी बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले होते. भाषणातला काही मजकूर मंडळाला रुचला नाही. बाबासाहेब बदल करायला तयार होईनात, तेव्हा मंडळाकडून अधिवेशन बेमुदत लांबवण्याची भाषा सुरू झाली. म्हणजे 'पुट ऑफ'. बाबासाहेबांनी उत्तरात साफ कळवले की भाषणाला कात्री लावण्यापेक्षा अधिवेशन रद्द झालेले बरे, आणि आपल्याला मोघम शब्द आवडत नाहीत. म्हणजे 'कॉल ऑफ'. त्यांनी ही जोडक्रियापदे वापरली असे आम्ही म्हणत नाही. पण 'लांबवू' या शब्दामागे 'रद्द' कसे लपवले जाते, हे त्यांनी ओळखले होते. न झालेले ते भाषण पुढे त्यांनी स्वतःच छापले. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'.

'आउट' मध्ये आतले बाहेर येण्याची कल्पना आहे. लपलेली गोष्ट उघडी पडणे, म्हणून 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणे. मराठीतही 'काढणे' आहेच, बघा. 'पॉइंट आउट' म्हणजे लक्षात आणून देणे. 'वर्क आउट' म्हणजे हिशेब काढणे, तोडगा काढणे. 'ड्रॉप आउट' म्हणजे शाळा मधेच सोडणे. साठा बाहेर पडून गेला की तो संपतो, म्हणून 'वुई हॅव रन आउट ऑफ फॉर्म्स' म्हणजे आमच्याकडचे फॉर्म संपले. हे वाक्य खिडकीवर ऐकले तर पळायचे कारण नाही, 'रन' असला तरी!

'अप' हा सगळ्यांत व्यापक आणि सगळ्यांत खट्याळ. पूर्ण करणे हा त्याचा एक अर्थ वर 'ईट अप' मध्ये आलाच. दुसरा अर्थ, समोर येणे, उपटणे. 'ओन्ली टेन पीपल टर्न्ड अप' म्हणजे दहाच माणसे आली. बैठकीत एखादा विषय काढणे म्हणजे 'ब्रिंग अप'. तोच 'ब्रिंग अप' मुलांच्या बाबतीत वाढवणे, लहानाचे मोठे करणे असा होतो. 'मेक अप' म्हणजे चेहरा रंगवणे एवढेच नव्हे, सबब रचणे हाही त्याचा अर्थ आहे. 'स्पीक अप' म्हणजे मोठ्याने बोल, किंवा गप्प बसू नकोस. 'स्टँड अप फॉर' म्हणजे कोणाच्या तरी बाजूने उभे राहणे.

'डाउन' बद्दल फार सांगत नाही. 'राइट डाउन' म्हणजे लिहून घेणे, 'ब्रेक डाउन' म्हणजे बंद पडणे किंवा कोसळणे. 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणे. हा शेवटचा अनुभवाने कळतो, शिकवावा लागत नाही.

एवढे सांगितले तरी ही दिशा म्हणजे काही कायदा नव्हे. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, हे कोणत्याही 'अप' वरून निघत नाही. ते जसेच्या तसे लक्षातच ठेवावे लागते. 'लुक फॉरवर्ड टू' हेही तसेच. आणि इथे एक सार्वत्रिक चूक होते. आपण लिहितो, 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू.' बरोबर वाक्य आहे, 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू.' नोकरीच्या अर्जाच्या शेवटी हेच वाक्य असते आणि वाचणाऱ्याच्या मनात शेवटचे तेच राहते, म्हणून आवर्जून सांगितले.

'इट' कुठे बसवायचे?

यासाठी आपल्याकडे थेट समांतर काही नाही, म्हणून इथे नीट लक्ष द्या. 'टर्न डाउन' म्हणजे नाकारणे. देऊ केलेली नोकरी तिने नाकारली, तर 'शी टर्न्ड डाउन द ऑफर' म्हणता येते आणि 'शी टर्न्ड द ऑफर डाउन' असेही म्हणता येते. पण नावाऐवजी 'इट' आले की पर्याय उरत नाही. ते मधेच बसते. 'शी टर्न्ड इट डाउन' बरोबर. 'शी टर्न्ड डाउन इट' कोणी म्हणत नाही. तसेच 'पुट इट ऑफ', 'पिक इट अप', 'राइट इट डाउन', 'फाइंड इट आउट'.

काही जोड्या मात्र अजिबात फुटत नाहीत. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे. 'शी लुक्स आफ्टर हर मदर' हेच बरोबर. आईऐवजी 'हर' घातले तरी 'लुक्स आफ्टर हर' हेच. 'लुक फॉर' म्हणजे शोधणे आणि 'लुक इंटू' म्हणजे चौकशी करणे, याही न फुटणाऱ्या. तीन शब्दांच्या जोड्या बहुधा फुटत नाहीत. कोणती फुटते आणि कोणती नाही, याची यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक जोडी वहीत लिहितानाच 'इट' किंवा 'हर' घालून लिहावी. जागा आपोआप डोक्यात बसते.

कानाचाही एक प्रश्न आहे. कागदावर 'पुट इट ऑफ' हे तीन शब्द आहेत, पण बोलणारा ते 'पुटिटॉफ' असे एका दमात म्हणतो. 'पिक इट अप' चे 'पिकिटप' होते. फुटणाऱ्या जोड्यांत जोर साधारणपणे मागच्या छोट्या शब्दावर असतो, तेव्हा कान तिकडे लावावा. आयईएलटीएसच्या ऐकण्याच्या भागात घर भाड्याने घेणे, कोर्सची चौकशी करणे अशी रोजच्या व्यवहारातली संभाषणे येतात. शिष्यवृत्ती घेऊन परदेशी जाऊ पाहणारी आपली मुले लिहिण्यात चांगले गुण मिळवून इथे अडकतात.

आपल्याकडचे काही घरगुती नमुने

भारतात इंग्रजी इतकी वर्षे चालते आहे की आपण काही जोड्या स्वतःच बनवल्या. त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण बाहेरच्या माणसाशी बोलताना ठाऊक असाव्यात. 'आय पास्ड आउट इन २०२२' हे आपल्याकडे प्रत्येक मुलाखतीत ऐकू येते. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला ते 'मी २०२२ मध्ये बेशुद्ध पडलो' असे ऐकू येते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत 'पासिंग आउट परेड' होते ती वेगळी, लष्करी शिक्षण संपवण्याला तो शब्द तिकडेही चालतो. आपण साधे 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणावे.

'कोप अप विथ' हीही आपलीच देणगी. 'कोप विथ' पुरे, मधला 'अप' बहुधा 'कीप अप विथ' मधून घुसला असावा. 'गेट डाउन फ्रॉम द बस' ऐवजी बाहेर 'गेट ऑफ द बस' म्हणतात आणि कार किंवा रिक्षातून उतरायचे तर 'गेट आउट ऑफ'. आपण दोन्हींतून 'उतरतो', म्हणून घोळ होतो. फॉर्म आपण 'फिल अप' करतो, इंग्लंडमध्ये तो 'फिल इन' होतो आणि अमेरिकेत 'फिल आउट'. 'फिल अप' तिकडे पाण्याच्या टाकीसाठी. पण इथल्या बँकेत 'फिल अप' म्हटल्याने कोणाचे काही अडत नाही, तेव्हा त्यावरून मित्राला हसू नये.

बातमीतली जोडक्रियापदे

कार्यकर्त्यांनी हा भाग जरा सावकाश वाचावा. इंग्रजी वर्तमानपत्राच्या मथळ्यात जागा कमी असते, म्हणून तिथे जोडक्रियापदांची गर्दी असते. 'स्टेप डाउन' म्हणजे पद सोडणे, 'वॉक आउट' म्हणजे सभात्याग, 'क्रॅक डाउन' म्हणजे कठोर कारवाई, दडपणे. 'रोल बॅक' म्हणजे घेतलेला निर्णय मागे घेणे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने तीन कृषी कायदे मागे घेतले तेव्हा हा शब्द सगळीकडे होता.

न्यायालयाच्या बातम्यांत 'स्ट्राइक डाउन' आणि 'रीड डाउन' या दोन जोड्यांत गल्लत होते. 'स्ट्राइक डाउन' म्हणजे तरतूद घटनाबाह्य ठरवून रद्द करणे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये असे रद्द केले, निवडणूक रोखे योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये. 'रीड डाउन' म्हणजे तरतूद कागदावर ठेवायची, पण तिचा अर्थ आवळून घ्यायचा, म्हणजे घटनेत बसेल तेवढाच भाग चालू राहतो. सप्टेंबर २०१८ मध्ये कलम ३७७ बाबत असे झाले. सभेत भाषण करताना या दोन गोष्टी एकच समजून बोलले तर समोरचा वकील आपल्याला तिथेच गाठतो.

तिसरी जोडी आपल्या चांगलीच ओळखीची आहे. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली अटकेपूर्वी मंजुरी आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीच्या अटी घातल्या, तेव्हा कायदा 'वॉटर्ड डाउन' झाला अशी टीका झाली. पाणी घालून पातळ केलेला, बोथट केलेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून त्या अटी निष्प्रभ केल्या. इथे लक्षात घ्या, 'वॉटर डाउन' म्हणणाऱ्याने फक्त घटना सांगितली नाही, आपले मतही सांगितले. 'अमेंड' म्हणणारा मत सांगत नाही. 'प्ले डाउन' म्हणजे गोष्ट किरकोळ करून दाखवणे, 'हश अप' आणि 'कव्हर अप' म्हणजे दडपणे, यांतही बोलणाऱ्याची बाजू आत बसलेली असते.

आणि काही जोड्यांत उलटे होते. 'व्हायोलन्स ब्रोक आउट इन द व्हिलेज.' हिंसाचार उसळला. कोणी केला? वाक्यात करणाराच नाही. आग, साथीचा रोग आणि हिंसाचार, तिन्ही 'ब्रेक आउट' होतात, जणू आपोआप. मराठीतला 'दंगल उसळली' हा मथळाही तसाच. वस्तीवर हल्ला झाला असेल आणि बातमीत 'ब्रोक आउट' असेल तर कर्ता कुठे गेला, हे विचारायला आपल्याला इंग्रजी यायला हवे. निवेदन इंग्रजीत लिहिणार असाल तर तिथे 'ब्रोक आउट' लिहू नका. कोणी हल्ला केला ते कर्ता घालून लिहा. शेवटी मागणीच्या जागी 'लुक इंटू द मॅटर' खुशाल लिहा. अधिकृत पत्रांतही ते चालते.

शिकायचे कसे, याबद्दल आमच्या अभ्यासिकेत जे जमले ते सांगतो. बाजारात पाचशे-हजार जोडक्रियापदांची पुस्तके मिळतात, एबीसीडीच्या क्रमाने. ती आम्ही आणली आणि महिनाभरात कपाटात ठेवली. 'पुट अप, पुट ऑफ, पुट ऑन, पुट आउट' एका दिवशी पाठ केले की दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांत मिसळते. त्याऐवजी आता आठवड्याला पाच घेतो, तीही त्या आठवड्यात बातमीत, ई-मेलमध्ये किंवा सिनेमात भेटलेली. प्रत्येकीचे एक वाक्य, आणि ते स्वतःच्या घरातले. 'माय मदर ब्रॉट अप थ्री चिल्ड्रन अलोन' असे एका मुलाने लिहिले. 'ब्रिंग अप' तो आता विसरणार नाही. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी जुने पेपर सोडवावेत, पण पर्यायांवर खूण करता आली म्हणजे बोलता आले, असे समजू नये.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलीला पुढे दुसरीकडे काम लागले. तिने आपल्यापुरता एक नियम केला आहे. तारीख, वेळ किंवा पैसे यांच्याबद्दल एखादी जोडी आली आणि तिळभर जरी शंका वाटली, तरी ती उलट ई-मेल करते : 'सो इट इज नाऊ ऑन मंडे अ‍ॅट टेन. इज दॅट राइट?' दोन मिनिटांत उत्तर येते.